इंदूची बाग मुळासकट

लोधिवली, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, शके १८६५.

परवा तुझं तेरावं झालं. हजर माणसं अशी. वसंता. मंदा, अजून अशक्त, भिंतीला टेकून बसलेली. सोलापूरहून तुझा भाऊ. तो सकाळी आला आणि पानं उचलताच चौक गावाला मोटार गाठायला निघून गेला. शेजारची पारूबाई आणि तिची सून, दोघी चुलीपाशी. गुरुजी. तुला खांदा दिलेली गावातली माणसं. आणि कर्जतहून मी. आमच्या घरचे आले नाहीत. दुकान बंद ठेवावं असे दिवस नाहीत.

इंदू, तू असतीस तर म्हणाली असतीस, ‘वन्सं, इथंसुद्धा हजेरी?’ हो, इथंसुद्धा. कोण आलं, कोण राहिलं, पानं किती मांडायची, तांदूळ पुरतो की नाही, हे कुणीतरी बघावंच लागतं. आजवर या घरात ते तू बघत होतीस आणि मी नुसती येऊन चुका काढत होते.

पानं उचलून झाली, शेण फिरवून झालं आणि वसंताने पडवीतला कोयता घेतला. मला वाटलं, चुलीसाठी काटक्या तोडायला निघाला. तो खिडकीखालच्या तगरीपाशी गेला, वाकला आणि त्याने बुंध्यावर घाव घातला. पांढरा चीक कोयत्यावरून खाली ओघळला. वसंताची नजर किती अधू झाली आहे ते तुला ठाऊक आहे. डाव्या हाताने फांदी चाचपायची, मग उजव्याने घाव, अशी त्याची रीत चालली होती.

मी ओट्यावर उभी होते. म्हटलं, "वसंता, काय करतोस?"

"तूच म्हणायचीस ना ताई, ही झुडपं डास पाळतात म्हणून? काढून टाकतो."

आवाज चढवला नव्हता. बाजारात भाताचा भाव सांगावा तसा बोलला.

मी म्हणायचे, हे खरं. तुझ्यामाझ्यातलं सगळ्यात जुनं भांडण तेच. ते कुठवर आलं होतं ते इथे लिहून ठेवते, कारण आता ते मला एकटीलाच आठवत राहणार.

तुझी पहिली बाग मी पाहिली ती सोलापुरात. वसंता तेव्हा रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होता. क्वार्टरपुढे काळी माती, उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा. पण तुझं माहेरच त्या गावचं, त्यामुळे तिथे काय लावावं हे तुला कुणाला विचारावं लागलं नाही. कण्हेर लावलीस, शंकासुर लावलास, डाळिंब, मोगरा. कण्हेरीला पाणी घालायला विसरलीस तरी ती भर वैशाखात गुलाबी तुरे घेऊन उभी. मोगऱ्याला ते ऊन मानवायचं, बुंध्याशी ओल ठेवली की झालं. प्रत्येक झाडाभोवती तू खोल आळं केलं होतंस. मला ते दाखवत म्हणालीस, "इथं झाड खाली बसवायचं बघा, वन्सं. माणूस सावलीला बसतं तसं. वरनं आलेला थेंब त्याच्या घरातनं बाहेर जाता कामा नये."

तिथे तुझं एकच झाड वठलं, आमचा अनंत. लग्नानंतर पहिल्यांदा लोधिवलीला आलीस तेव्हा न्हाणीमागच्या अनंताखाली तू इतका वेळ उभी राहिलीस की आईने मला बघायला पाठवलं होतं. जाताना त्याची फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून घेऊन गेलीस. सोलापुरात ती जगली, पण पानं पिवळी पडत गेली, नुसत्या शिरा तेवढ्या हिरव्या. तू शेणखत घातलंस, कुणी सांगितलं म्हणून गंजके खिळे पुरलेस. तरी गेलं. तेव्हा वसंतासमोर मला म्हणालीस, "तुमच्याकडची झाडं रुसकी आणि माणसंही." वसंता पेपराच्या आड हसला. मी हसले नाही. आता हसायला हवं होतं असं वाटतं.

मग लोणावळ्याला बदली झाली. तिथला पाऊस वरून कमी आणि बाजूने जास्त. घाटातून वारा यायचा तो दारं आपटत. सोलापूरहून रेल्वेने बैलगाडीभर कुंड्या नेल्या होत्यास. डाळिंबाची फळं फुटून कुजली, मोगरा थंडीने आखडला, कण्हेरीला पानंच पानं. त्या वर्षी तुझं पत्र नाही, निरोप नाही. दिवाळीला मी आले तर तू पदर खोचून क्वार्टरच्या पश्चिमेला अडुळशाची रांग लावत होतीस. म्हणालीस, "इथं फूल मागनं निवडायचं. आधी वारा कुठनं येतो ते बघायचं." त्या अडुळशाच्या आडोशाला पाऊस सरल्यावर तू गुलाबाच्या कुंड्या मांडल्यास, आणि पुढच्या पावसाआधी पुन्हा वळचणीखाली ओढल्यास. तिथल्या तांबड्या मातीत आमचा अनंत मात्र पहिल्याच वर्षी धरला. मला बोलावून, पान उलटसुलट करून दाखवलंस. "रुसकं नव्हतं हो. मीच त्याला चुकीच्या मातीत घातलं होतं." हे झाडाबद्दल होतं की आमच्याबद्दल, ते मी विचारलं नाही. तुला वाटलं, माझ्या लक्षात आलं नाही. आलं होतं.

पुढे वसंताला आकडे दिसेनात. पार्सलांवरची नावं तो दुसऱ्याकडून वाचून घेऊ लागला, आणि असं किती दिवस चालणार? नोकरी सोडून तुम्ही तिघं लोधिवलीला आलात. घर होतं, थोडं भात होतं. तू चाळिशीच्या आत आणि मंदा लहान. कुणीही कपाळाला हात लावला असता. तू पहिल्याच आठवड्यात अंगण पावलांनी मोजलंस आणि खड्डे खणायला घेतलेस.

आणि तिथे तू फसलीस. ते आठवून अजून मला हसू येतं, आणि आजच्या दिवसात एवढंच एक हसू आहे. सोलापूरच्या सवयीने तू लोधिवलीत खोल आळी केलीस. मोगरा, गुलाब, डाळिंब, सगळं ओळीने खाली बसवलंस. आषाढ लागला आणि प्रत्येक आळ्याचं डबकं झालं. पारूबाई इरलं घेऊन कुंपणापाशी उभी राहिली आणि म्हणाली, "इंदूबाय, तुमी मोगरा लावलाय का भात?"

"भात लावलाय," तू म्हणालीस. "वासाचा."

"मंग आवणीला कवा येऊ?"

श्रावणात सगळं उपटून टाकलंस. मुळं काळी पडून हाताला येत होती. तू रडलीस असं मंदाने मला सांगितलं. मला मात्र तू सांगितलंस ते एवढंच, "ही माती आठ महिने तहानलेली आणि चार महिने बुडालेली. इथं झाडाला दोन्ही सोसायला शिकवायला पाहिजे."

दुसऱ्या वर्षी तू खड्ड्यांऐवजी वरंबे घातलेस. तळाला फुटकी कौलं, वर माती, तिच्यात मोगरा आणि कुंद. पाणी वाहून जातं त्या कडेला जास्वंद आणि तगर, कारण ती ओल्या पायांनी उभी राहतात. अबोली फणसाच्या सावलीत. कण्हेर दक्षिणेच्या भिंतीला, जिथे पाऊस कमी आपटतो, आणि दर दसऱ्याला तिची छाटणी. गुलाब तू सोडूनच दिलास. "त्याला इथं बोलवायचं म्हणजे पाहुण्याला तापात बोलवायचं," असं म्हणालीस. शब्द तसेच आठवतात. त्या वेळी त्यांत काही नव्हतं.

वरंब्यावरची माती फाल्गुनातच कोरडी व्हायची, आणि तेव्हा विहीरही तळाला गेलेली. त्यावर तू माठ काढलेस. चौकच्या कुंभाराकडून कच्च्या भाजणीचे माठ आणायचे, प्रत्येक झुडपाशेजारी गळ्यापर्यंत पुरायचे, पाणी भरून तोंडावर कौल ठेवायचं. माठ झिरपतो, मूळ तिकडे वळतं, चार दिवसांनी एकदा भरलं तरी पुरतं. मृगाआधी माठ उकरून वळचणीखाली पालथे घालायचे, पुन्हा थंडी सरल्यावर पुरायचे. मला ही युक्ती पसंत होती. पण तसं मी तुला म्हटलं नाही, कारण तोवर आमच्या शाळेत आरोग्य खात्याचे इन्स्पेक्टर येऊन गेले होते.

त्यांनी फळ्यावर शेळीएवढा डास काढला होता. साचलेलं पाणी काढा, घरालगतची झाडी तोडा, नाहीतर हिवताप हटणार नाही, असं त्यांनी आम्हा शिक्षिकांना बजावलं. मी ते टिपून घेतलं आणि पुढच्याच रविवारी तुला वाचून दाखवलं. तू कुंदाची कोवळी शेंडी खुडत होतीस.

"वन्सं, माझ्या माठांत डास होतात?"

"पाणी आहे तिथे होतात."

"मग समोर चार महिने खाचरं भरलेली असतात, त्यांत काय असतं? तीर्थ?"

"खाचरं आपल्याला खायला घालतात, इंदू. तुझी झाडं नुसती उभी असतात."

"असू देत की उभी. तुमच्या अंगणातलं सगळं चिरून फोडणीला टाकता येतं. शेवगा, कढीलिंब, अळू, केळ. एखाद दिवशी तुम्ही देवालासुद्धा कढीलिंब वाहाल."

मी चिडले. पुढच्या प्रत्येक खेपेला तो विषय काढला. तगर खिडकीला लागून नको, ती तोड. माठ नकोत, फोड. तू दर वेळी नवं उत्तर काढायचीस आणि शेवटी म्हणायचीस, "तुमच्याच दाराला एक झुडूप लावून देते, म्हणजे तुमचं तोंड बंद होईल." त्यासाठी मला किती प्रश्न विचारलेस. सकाळी सावली कुणाच्या भिंतीची? दुपारचं ऊन ओटीवर कुठवर चढतं? इंजिनांचा धूर कोणत्या बाजूने येतो, पानांवर काजळी बसते का? पाणी तुम्ही घालणार की मीच येऊन घालायचं? जास्वंद तूच बाद केलीस, तिला पांढरी कीड लागते आणि मी ती पुसत बसणार नाही म्हणून. मोगरा पाण्यासाठी बाद. कण्हेर विषारी, तिला घरी येणाऱ्या शाळेतल्या पोरी हात लावतील, म्हणून बाद. मग एकदा नुसतीच मान हलवलीस आणि म्हणालीस, "सुचलंय. पण आत्ता नाही सांगत. तुळशीचं लग्न होऊ दे."

तुळशीचं लग्न झालं तेव्हा तू अंथरुणाला खिळली होतीस. मी विचारलं नाही. तापाच्या माणसाला झुडपाचं काय विचारायचं, असं वाटलं. विचारायला हवं होतं. तुला बरं वाटलं असतं, आणि मला नाव कळलं असतं.

यंदा दसऱ्यापासूनच गावात घरटी ताप होता. पारूबाईची सून निजली, मग आपली मंदा, मग तू. हिवतापावरचं कोयनेल कुठे मिळेना. जावा बेटावरून येणारं लढाईने बंद झालेलं, आलं तर ते पलटणींना. दवाखान्यात गुळवेलीचा काढा देत होते आणि मान हलवत होते. मी कर्जतमध्ये दार दार फिरले. शेवटी माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या वडिलांनी स्वतःसाठी जपून ठेवलेल्या गोळ्या कागदात बांधून दिल्या. कोळशाच्या गॅसवर चालणारी ती मोटार चढावर दोनदा बंद पडली. चौकपासून मी चालत आले.

आत तुम्ही दोघी शेजारी शेजारी. मंदा बरळत होती. तू शुद्धीवर होतीस, दात वाजत होते.

"किती आहेत?" तू विचारलंस.

"एकीला पुरतील."

"मंदाला द्या."

मी म्हटलं, अर्ध्या अर्ध्या करू, तोवर मी आणखी बघते.

"अर्ध्या केल्या तर दोघींचाही जायचा नाही, वन्सं. हिशेब तुम्हीच शिकवता ना पोरींना?" मग वसंताकडे बघून, "आणि तिला कळता कामा नये. मी पण घेतल्या असं सांगायचं. दोघांनी हो म्हणा."

वसंता दाराच्या चौकटीला धरून उभा होता. तो हो म्हणाला की नाही, मला ऐकू आलं नाही. मी म्हटलं.

मग मी चुलीपाशी बसून तांदळाच्या पिठाच्या गोळ्या वळल्या आणि तव्यावर सुकवल्या. मंदाला शुद्ध आली की तिच्यासमोर तिला खरी द्यायची आणि तुला पिठाची. असं तीन दिवस केलं. पहिल्या दिवशी तू तोंड इतकं वाकडं केलंस की मला पाठ फिरवून हसावं लागलं. मागून तू म्हणालीस, "वन्सं, पाणी द्या हो, जहर आहे नुसतं." तो आवाज माझ्या कानांतून जात नाही.

मंदाचा ताप उतरला. तुझा राहिला. दुसऱ्या गोळ्या मला मिळाल्या नाहीत. तू गेलीस त्या सकाळी मी शाळेत होते.

मला तुझा राग आहे, इंदू. हे आज लिहिलं नाही तर पुढे मी ते सोज्ज्वळ करून टाकीन. तू निवड केलीस, ती बरोबर केलीस, तुझ्या जागी मीही तीच केली असती. पण ती करून तू निघून गेलीस आणि ‘हो म्हणा’ एवढं आमच्या गळ्यात बांधून गेलीस. आणि त्याच वेळी, मंदा काल भाताची पेज मागून घेऊन प्यायली तेव्हा, मला तुझे पाय धरावेसे वाटले.

आता परवाचं पुढचं सांगते.

वसंताने तगरीचा दुसरा बुंधा धरला तेव्हा मी ओट्यावरून खाली उतरले. मला त्याला सांगायचं होतं की माझं म्हणणं चुकलं होतं. माठ तर मृगापासून वळचणीखाली कोरडे पडले होते. ताप आला दसऱ्याला. आणि पारूबाईच्या दारात तुळशीशिवाय हिरवं पान नाही, तिच्याही घरी ताप होताच. यात बागेचा काय संबंध? मी म्हटलं, "अरे, पण माठ तर..."

त्याने मान वळवली. माझा चेहरा त्याला तेवढ्यावरून दिसत नाही. माझ्या मागे भिंतीला टेकून मंदा बसली होती, तीही दिसत नसणार. पण ती तिथे आहे हे त्याला माहीत होतं. हळू म्हणाला, "ताई, झाडांनीच झालं. झाडांनीच असू दे."

मग मला समजलं. झाडांनी झालं नसेल तर मंदा पुढचा प्रश्न विचारणार. दोघींना एकच ताप, दोघींनी एकच औषध घेतलं, तर मी उठले आणि आई का नाही? पंधरा वर्षांच्या मुलीला त्याचं उत्तर कळलं तर ती ते जन्मभर उशाला घेऊन निजेल. तिने आईच्या झाडांना शिव्या द्याव्यात, ते तिच्या बापाला परवडतं.

मी आत गेले, फळीवरचा दुसरा कोयता घेतला आणि जास्वंदीपाशी आले. जास्वंद तोडायला सोपी नाही. साल सुटते, फांदी लोंबत राहते, पिळून तोडावी लागते. कळ्या होत्या. मी कधी झाड तोडलेलं नाही, तू हसली असतीस माझ्या घावांना. कुंद, मोगरा, दक्षिणेची कण्हेर, सगळं झालं. अनंतापाशी वसंता आला, पान बोटांत धरून उभा राहिला, मग तेही केलं. मंदा बघत होती.

अंगणात ढीग पडला तेव्हा पारूबाई आली. कुंपणालगतची झुडपं आता नव्हतीच, सरळ आत आली.

"येवढं जित्तं तोडलंव? मास्तरीणबाय, तुमी पन?"

मी म्हटलं, "डास होतात."

तिने माझ्याकडे तसं पाहिलं, जसं शाळेत एखादी पोरगी धडधडीत खोटं बोलताना पकडल्यावर मी पाहते. "डास," ती म्हणाली. "इंदूबाय असती तर तुमचा हात मोडला असता." मग पदर कमरेला खोचून फांद्या ओढायला लागली. "टाकू नका मंग. राबाला नेते. वाळंल, तवर भाजनीचे दिस येतील." उन्हाळ्यात भाताच्या रोपासाठी जी जमीन भाजतात, तिच्यावर तुझी बाग जळणार. कण्हेरीचा भारा तिने बाजूला काढला. "ही नको. हिचा धूर डोक्यात जातो." तगरीचा भारा डोक्यावर घेताना तिचे डोळे वाहत होते. हात मोकळे नव्हते, म्हणून पुसले नाहीत.

ते परवा. काल सकाळी मी विहिरीवर होते, मंदा कळशी घेऊन आली. तिला कळशी उचलायची नाही असं सांगितलं आहे, म्हणून मी रागावायला तोंड उघडलं. त्याआधीच ती म्हणाली, "आत्या, माठ मीच पालथे घातले होते. आईने सांगितलं होतं म्हणून. कोरडे करून."

"हो का?"

"मग पाणी कुठे साचलं?"

मी म्हटलं, "दाट झाडीत दमट राहतं. पाणीच लागतं असं नाही." शाळेत हे उत्तर कुणी दिलं असतं तर मी शून्य दिलं असतं.

तिने दोर सोडला. बराच वेळ कळशी पाण्यावर आपटत होती, बुडत नव्हती. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "माझ्या गोळ्या फार कडू होत्या. जीभ दिवसभर तशी राहायची. आईने एक चावली होती. मी पाहिलं."

"तापात तुला काहीही दिसत होतं."

"चावून खाल्ली, आत्या. भाकरीचा कड चावावा तशी."

मी म्हटलं, गाय हंबरतेय, तिला पेंढा टाकून येते. गाय हंबरत नव्हती. मी गोठ्यात जाऊन दावं सोडलं आणि पुन्हा बांधलं. परत आले तेव्हा कळशी भरून काठावर ठेवलेली होती आणि ती घरात गेली होती.

इंदू, तुझी मुलगी तुझ्यासारखी आहे. विचारून झालं की गप्प बसते, आणि समोरच्याला वाटतं की विसरली.

तुला मी हो म्हटलं आहे. तू शुद्धीवर असताना, हात धरून. वसंताने ते पाळायला स्वतःच्या हाताने तुझं सगळं तोडलं, ज्याला बघता येत नाही त्याने. आता मी मंदाला खरं सांगितलं तर तुझा शब्द मोडला आणि त्याचा कोयता फुकट गेला. आणि नाही सांगितलं, तर ती ते एकटीच जुळवत बसेल. निम्मं जुळवलंच आहे. निम्म्यावर ती कुठे जाऊन पोचेल, ते मला सांगता येत नाही. आम्ही तिला फसवलं, एवढ्यावर थांबेल? की आईने माझ्यासाठी जीव दिला आणि हे मला साधं सांगण्याच्याही लायकीचं कुणी समजलं नाही, असं धरून बसेल? तू झाडांचं बरोबर ओळखायचीस, कोणतं किती सोसेल. मुलीचं काय ओळखलं होतंस? ती सोसणार नाही असं तुला खरंच वाटलं होतं, की तेव्हा ताप बोलत होता?

आज सकाळी वसंता ओट्यावर बसून म्हणाला, "ताई, हे फुटेल."

मी म्हटलं, "फुटेल." तगर आणि जास्वंद बुंध्याशी तोडली म्हणून मरत नाहीत. ओल आहे. पौषात कोंब दिसतील.

"मुळं काढायला हवीत. कोंब आले तर ती रोज बघणार आणि रोज विचार करणार. कातकरवाडीवरून खणायला दोन माणसं बोलाव. तुला असलं जमतं. तू परवा कर्जतला जायच्या आत होऊन जाऊ दे."

मी बरं म्हटलं. माझ्या निघण्याआधीच्या कामांत ते आलं : गुरुजींचे तांदूळ, सोलापूरला तुझ्या भावाला मंदाच्या खुशालीचा निरोप, मंदाची अंथरुणं उन्हात, मुळं खणणारी माणसं. बाकीची कामं दुपारपर्यंत झाली. मंदा आता अंगणात आहे. तगरीच्या खोडापाशी उकिडवी बसून, छाटल्यावर तू लावायचीस तशी तिने चिकावर माती लावली आहे आणि माझ्याकडे बघते आहे. पारूबाईचा दीर वाडीकडेच निघाला होता, मघाशी दारावरून गेला. मी हाक मारली नाही. माणसांचा निरोप अजून द्यायचा आहे.